फक्त डॉक्टरांसाठी

रूपाली : परत बघा. एक रिपोर्ट उघडला म्हणून सगळे उघडले असं हुत न्हाय.

संघर्ष : सगळे उघडलेत, रूपालीताई. चूक माझ्या नव्या प्रोग्रामची. एचआयव्हीचा रिपोर्ट काउंटरवर दिसू नये, म्हणून फाईल तयार व्हायच्या आधी ‘फक्त डॉक्टर’ असा शिक्का ठरवतो तो.

रूपाली : ते ठाऊक हाय. मीच मागं लागलोतो त्याच्यासाठी.

संघर्ष : ती फाईल झाली की पुढच्या फाईलसाठी तो शिक्का काढायचा असतो. ते फंक्शन लिहायचंच राहिलं. सकाळी तसला एक रिपोर्ट झाला, आणि पुढच्या प्रत्येक नव्या फाईलवर तोच शिक्का बसत गेला. शुगर, थायरॉईड, सगळ्यांवर.

रूपाली : आणि मी एकेकाला सांगत बसलो, ‘तुमचा रिपोर्ट डॉक्टरच सांगतील.’

संघर्ष : मग?

रूपाली : मग काय! आमच्या लॅबमधी त्याचा अर्थ काय, ते बाकड्यावर बसल्याल्या सगळ्यास्नी कळतंय.

संघर्ष : फोन करून सांगू ना सगळ्यांना.

रूपाली : केलं. एकच ऱ्हायलं. चंदगडकडचं हंबीरराव. नुसती शुगर तपासायला आलंतं, बायकोला घेऊन. मी बोललो आणि ती शालूबाई उठली, पलीकडच्या बाकड्यावर जाऊन बसली. त्या माणसानं मला हात जोडलं ओ. म्हणालं, पोरी, मी तसला न्हाय.

संघर्ष : थांबले नाहीत?

रूपाली : डॉक्टर यायच्या आधीच एसटीला गेली. म्होरं ती, मागनं ह्ये.

संघर्ष : अरे देवा. रिपोर्ट बघतो... शुगर थोडी जास्त आहे. बास, एवढंच. नंबर दिलाय का?

रूपाली : गावातल्या दुकानाचा. दुकानदाराला काय सांगू? ‘हंबीररावला तसलं काय न्हाय’? ज्यास्नी ठाऊक न्हाय त्यास्नीबी कळंल.

संघर्ष : खरंय.

रूपाली : माझंबी चुकलंच की. काँप्युटर म्हणाला आणि मी म्हणालो. जावा आता घरी, डोळं बघा कसं लाल झाल्यात.

संघर्ष : झोप तशीही लागायची नाही. चंदगडची गाडी असेल ना अजून?

रूपाली : शेवटची असंल. आत्ता जाताय?

संघर्ष : प्रिंट काढा. हंबीररावांच्या हातात देऊन येतो.

रूपाली : त्यांच्या नको, शालूबाईच्या हातात द्या. त्यास्नी सोताचं ठाऊकच हाय की.