अकरा दिवसांचा शेक

आरोग्यकेंद्राच्या दाराबाहेरच्या बाकावर सोमजितने चपला पुन्हा पायात घातल्या होत्या. तिच्या गर्भपिशवीच्या तोंडावरचा पांढरा डाग, पुढे त्याचा कॅन्सर होऊ नये म्हणून, नर्स आजच गोठवून काढणार होती, आणि सोमजितला पळून जायचं होतं. शेजारी सासू-सून बोलत होत्या.

“मी बाळंतपणानंतर अकरा दिवस निखाऱ्यांपाशी पडून पिशवी शेकली. आणि तू तिथं बर्फ लावून आलीस?”

“बर्फ नाही हो आई, थंडगार नळी. तीन मिनिटं लावली, पाच मिनिटं काढून ठेवली, मग पुन्हा तीन.”

“दुखलं?”

“जरा कळ आली. नर्स तिच्या कोंबड्यांचं सांगत होती, ते संपायच्या आत झालं.”

“घरी चल, निखारे पेटवते.”

“पेटवा की. मासे भाजू. आणि महिनाभर नवऱ्याजवळ जायचं नाही म्हणाली.”

“महिनाभर?”

“पूर्ण महिना.”

सासू सुनेच्या जवळ सरकली.

“ते तपासायला वय बघतात का गं? तुझे सासरे अजून रात्री ऐकत नाहीत.”

आतून सोमजितचं नाव पुकारलं. ती तशीच बसून राहिली.

“जातेस का बाई?” सासूने विचारलं. “नाहीतर मी जाते.”

सोमजितने चपला काढल्या. “नंबर माझा आहे, मावशी.”