मला भीती दिसते

काकी, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

एवढी माणसं समोर बघून माझी वाचाच बसली आहे. मी लिहिते, बोलायची मला सवय नाही. पण काकींनी मघाशी हात धरला. म्हणाल्या, "तू बोल गो बाय." म्हणून उभी राहिले.

मी नंदिनी. भास्कर गुरुजी आणि या काकी, दोघांच्या घराच्या कुंपणाला लागून आमचं घर. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान बोटीवर होते आणि त्या बाजूच्या समुद्रात बोटींवर हल्ले चालले होते. तीन आठवडे फोन नाही. माझी झोप पार उडाली. गुरुजी म्हणाले, रोज चार ओळी लिही आणि सकाळी माका दाखव.

पहिल्या दिवशी एकच ओळ जमली. "मला भीती दिसते." आपण घरी म्हणतो ना, माका भंय दिसता? तेच मी शाळेतल्या मराठीत घातलं. पुस्तकात 'भीती वाटते' असं असतं, हे नंतर आठवलं. जीभ चावली, खोडायला गेले. गुरुजींनी पेन काढून घेतलं.

"खोडू नको. पुस्तकातल्यांका ती नुसती वाटता. तुका दिसता. मगे कशी दिसता, तां लिही."

कशी दिसते? सांगा, असं कुणी कधी विचारलं होतं मला?

मी लिहायला लागले. भीती खाडीपलीकडे ओले केस सोडून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती होडीतून निघाली, पण होडीला वल्हं नव्हतं. एकदा तर माझीच साडी नेसून माडाखाली उभी. गुरुजी रोज कुंपणावरून विचारायचे, "आज खंय दिसली गो?" उत्तर द्यायला लागायचं, म्हणून लिहायला लागायचं. झोप आली नाही, खोटं कशाला बोलू? पण जागरणाला काम मिळालं. पुढे यजमानांचा फोन आला, ते घरीही आले. वही मात्र सुटली नाही.

मग गुरुजीच आजारी पडले. महिनाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. मला म्हणाले, "आता माका पण दिसता गो." मी वही पुढे केली. त्यांना पेन धरवत नव्हतं. ते सांगायचे, मी लिहायची. "पांढरी टोपी घालून खाटेच्या पायथ्याशी बसता. हजेरी घेता. माझा नाव अजून येवक नाय." एवढं सांगून हसायचे.

मागच्या रविवारी दुपारी म्हणाले, "आज तुझा वाच." मी वाचायला घेतलं. चौथ्या पानावर वर बघितलं, तर गुरुजी घोरत होते! ऐकणारा घोरायला लागला तर लिहिणारीनं रागवायला हवं. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. आवाज खाली आणून मी शेवटपर्यंत वाचलं आणि दार ओढून घेतलं.

त्या झोपेतून गुरुजी उठले नाहीत.

मला हे सहन होत नाही. तुम्हालाही होत नसणार. आता दोन मिनिटं उभं राहूया. एकच विनंती आहे. खुर्च्या सरकवू नका. हुंदका आला तर पदर तोंडाला लावा. फार दिवसांनी डोळा लागलाय त्यांचा.