कृष्णाच्या नावाची चादर

आई व्हेंटिलेटरवर असताना आपण खुलताबादच्या दर्ग्यात कशाला आलो, हे तनुजाला अजून नीट कळत नव्हतं. गुरुवारची रांग हळूहळू सरकत होती. तिच्या पुढं लासूर स्टेशनच्या द्वारकाबाई हिरवी चादर छातीशी धरून उभ्या होत्या आणि शेजारच्या शमीमआपांशी बोलत होत्या.

“नवस फेडायला आल्या का, द्वारकाबाई?”

“व्हय, आपा. माझ्या कृष्णाचा. किडन्या गेल्या, तव्हा तोच इथं बोलला होता.”

“बेटा ठीक हुआ ना?”

“नाय. पोळ्याला गेला.”

“या अल्ला! मग हा नवस कसला?”

“घरचे बी तेच म्हणत्यात. बाबांनी दिलं नाय, मग तू कशाला देती?”

“राग नाय येत बाबांचा?”

“येतो की. लई येतो. पर इथून घरी गेला, त्या दिवशी पोरगं पोटभर जेवलं, हसलं. कित्येक महिन्यांनी. तेवढं तर यांनीच दिलं, आपा.”

शमीमआपांनी चादरीची सुटलेली घडी नीट करून दिली.

उंबऱ्याशी मुजावरांनी चादर घ्यायला हात पुढं केले.

“किसके नाम से, अम्मा?”

“कृष्णा.”

मग द्वारकाबाई पहिल्यांदाच मागं वळल्या.

“पोरी, तुझ्या गळ्यात दवाखान्याचा पास हाय. कोण हाय तिथं?”

“आई.”

“सांग यांना तिचं नाव. चादर मोठी हाय.”