त्या दोन नोंदी एक करू नका

—हात मागे घ्या आधी. माऊसवरचा हात मागे घ्या, मग बोलू. तुम्ही सकाळपासून चांगलं शिकवताय, नाही कोण म्हणतंय? मालकांनी बोलावलं, तुमच्या कंपनीनं तुम्हाला धाडलं, आणि आम्ही हे सॉफ्टवेअर धड दहा टक्केसुद्धा वापरत नाही हेही खरं. कुलपांचं दुकान आमचं, साडेचार हजार ग्राहक, आणि आम्ही नाव लिहितो, पत्ता लिहितो, मेसेज पाठवतो, संपलं. सोन्याच्या ताटात शिळी भाकरी, तसं म्हणालात मघाशी, तेही पटलं. रिमाइंडर लावते, ग्राहकांच्या याद्या करते, सांगाल ते करते—पण ते 'सारख्या नोंदी आपोआप एकत्र करा' राहू द्या. ते नको.

का म्हणजे? आता बघा, तुम्ही मला सकाळपासून सांगताय, आता मी तुम्हाला सांगते, तुमच्या पुस्तकात नसेल. ही जुनी नोंद उघडा. हो, हीच. खाली शेरे आहेत ते वाचा—नाही, मनातल्या मनात. नाहीतर मीच सांगते, मला पाठ आहेत. मार्चमध्ये न्हाणीघराची कडी बदलली, दार बाहेरून फोडलेलं. जूनमध्ये परत कडी, दार बाहेरून फोडलेलं, चौकटीला रक्त. सप्टेंबरात परत, बाई आतच होत्या, अर्ध्या तासानं दार उघडलं. डिसेंबरात कडी आणि अख्खं दार. एका वर्षात चार वेळा कुणाच्या न्हाणीघराची कडी तुटते हो? आमच्या मिस्त्रींनी लिहिलेत ते शेरे. त्यांची पद्धतच तशी—मनातलं लिहायचं नाही, डोळ्यांना दिसलं तेवढं लिहायचं. 'ग्राहक तापट' असलं काही नाही, 'चौकटीला रक्त'. शेरा असा लिहावा. तुम्ही शिकवता ना लोकांना, हे शिकवा पहिलं. आणि दुसरं शिकवा, की लिहिलेलं वाचा. कारण मी वाचलं नव्हतं.

आता फोनच्या खान्यात बघा, नंबर कुणाचा आहे? नोंद बाईच्या नावावर, घर तिच्या नावावर, तक्रार दरवेळी तिनंच केलेली आणि नंबर नवऱ्याचा. आपण सगळे हेच करतो. फोन कोणता? हा घ्या. कुणाचा? विचारतच नाही. तो नवरा म्हणजे सुतारकामाचा ठेकेदार, आमच्याकडूनच कड्या-कोयंडे न्यायचा. त्याला सगळे रंधा म्हणायचे—गोड बोलत बोलत समोरच्याची साल काढायचा म्हणून. इथं या स्टुलावर बसून मला वहिनी वहिनी करायचा. मलाही बरा वाटायचा, काय सांगू तुम्हाला. बोलायला इतका मऊ की माणसाला वाटावं याच्या हातून मुंगी मरायची नाही.

तर ती बाई पाच वर्षांपूर्वी एकदा एकटी आली. डोळ्यांवर काळा चष्मा, बोलताना एका बाजूचे ओठ हलत नव्हते. म्हणाली, नवी खोली घेतलीय, मुख्य दाराला तुमच्याकडचं सगळ्यात भारी कुलूप हवं. नवीन नंबर दिला, नवा पत्ता दिला. मी नवी नोंद केली आणि उद्याची वेळ दिली. ती गेली, आणि लगेच इथं पिवळी चौकट आली—नाव सारखं, आडनाव सारखं, हे दोन ग्राहक एकच दिसतात, एकत्र करू का? तेव्हा आमच्या मालकांना सफाईचं भूत लागलेलं. एक माणूस, एक नोंद. महिनाअखेरीला मोजायचे कुणी किती दुबार नोंदी काढल्या ते, आणि माझा पहिला नंबर यायचा. दिवसाला चाळीस-चाळीस. घरी डाळ निवडायचा हात हा, खडा दिसला की उचलायचा. उचलला. दोन सेकंदसुद्धा लागली नाहीत.

काय? हो, तुम्हाला दिसलंच असेल ते. 'बदल कुणी केला', त्या खान्यात. माझंच लॉगिन आहे. मालकांना वाटतं सॉफ्टवेअरनं आपोआप केलं. सगळ्यांना तसंच वाटतं. मी कुणाला तसं सांगितलं नाही, पण कुणी तसं म्हटलं तर नाहीही म्हटलं नाही—आता तुम्ही पहिलेच. असो, ते जाऊ द्या, ते महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं हे, की एकत्र केल्यावर पत्ता नवा राहिला आणि फोन जुना राहिला. जुना फोन खात्रीचा म्हणून मशीननं तोच वर ठेवला. आणि संध्याकाळी पाच वाजता मेसेज आपोआप गेला—उद्या अकरा ते एक, अमुक मजला, तमुक खोली, मुख्य दाराला कुलूप. नवऱ्याच्या फोनवर. वर आमच्या दुकानाचं नाव, खाली 'आपल्या सुरक्षेसाठी सदैव तत्पर'.

तुम्ही पाणी घ्या. तोंड कोरडं पडलंय तुमचं.

मिस्त्री अकराला पोचले. दाराला खाच पाडली, कुलूप बसवलं, चारातले दोन स्क्रू झाले होते. अकरा वीसला त्यानं लाथ घातली. दोन स्क्रूंचं कुलूप ते, लाकडासकट उपटून आलं आणि दार मिस्त्रींच्या कपाळावर बसलं. हातात पहार होती त्याच्या. मिस्त्री मध्ये उभे राहिले, नुसतं म्हणाले, दादा, आधी बसा. कानावर बसली पहार. डाव्या. बाई न्हाणीघरात पळाली—दुसरीकडे कुठं पळणार, सवयच तीच. आणि त्यालाही सवय. दोन दणक्यांत कडी गेली. केस धरून तिचं तोंड त्यानं वॉशबेसिनवर आपटलं, परत आपटलं, नळाची तोटी तुटेपर्यंत आपटलं. पाणी उडतंय वर, खाली लाल वाहतंय. जबडा दोन ठिकाणी मोडला. त्याला घाई नव्हती म्हणे. आपटायचा, थांबायचा, विचारायचा, कुलूप लावतेस? आणि मिस्त्री—कानातून रक्ताची धार, उभं राहता येईना—कोपरांवर सरपटत गेले आणि हातातली पटाशी त्याच्या पोटरीत घातली. मुठीपर्यंत. घातली आणि सोडली नाही. तो लाथा घालत होता तोंडावर, यांचे समोरचे दात गेले, तरी मूठ सोडली नाही. शेजारचे आले तेव्हा दोघं तसेच होते, म्हणे पटाशी सोडवायला तिघं लागले. उभ्या जन्मात माशी मारली नव्हती हो आमच्या ह्यांनी.

हं. आमचे हे. मिस्त्री म्हणजे आमचेच हे. आत चाव्या घासताना तुम्ही बघितलेत ना मघाशी, नमस्कार केलात आणि त्यांनी वर बघितलं नाही, तेच. गर्विष्ठ नाहीत. त्या बाजूनं ऐकूच येत नाही आता.

मी दवाखान्यात सतरा दिवस बसले. मी देवाधर्माची बाई आहे, नवस-नेम करत आलेय आयुष्यभर, आणि तिथं बसून देवाकडे काय मागितलं माहितेय? की तो माणूस हळूहळू मरू दे. त्याच पहारेनं मरू दे, आणि मला बघायला मिळू दे. रोज दिवा लावणाऱ्या हातांनी मी मनातल्या मनात त्याला किती वेळा चेचला असेल, देवच जाणे. मग एक दिवस शेजारच्या वॉर्डातून ती बाई भिंत धरत धरत आली. जबडा तारांनी बांधलेला, बोलता येत नव्हतं. कागदावर लिहिलं तिनं, 'तुमचे मिस्त्री मध्ये पडले म्हणून मी आहे.' माझ्या पायाला हात लावला हो तिनं. माझ्या. मी पाय मागे घेतले. तेव्हाच नेम धरला, ती जिवंत आहे हे मी डोळ्यांत तेल घालून बघेन. सूड देवाकडे, राखण माझ्याकडे.

मग तिनं लांब दुसरी खोली घेतली. ह्यांनीच जाऊन कुलूप बसवलं, आणि तेच बसवलं, पहिलंच. मी म्हटलं नवं घ्या, अपशकुनी आहे ते. तर ती म्हणाली, कुलपाचा काय दोष, त्याला दोनच स्क्रू मिळाले होते. ती नोंद मी केली. नाव माझं लिहिलं, माहेरचं. फोन तिचा नवा, पत्ता नवा. आणि दर सहा महिन्यांनी एक रिमाइंडर, कुलपाला तेल घालण्याचा. त्या दिवशी मी फोन करते. कुलूप कसं चालतंय? छान चालतंय. बस, एवढंच. त्या दिवशी तिचा आवाज कानावर पडेपर्यंत अन्नपाणी नाही. आजवर नऊ वेळा केला. तुम्ही म्हणता ना, रिमाइंडर कामाचा लावा, 'नंतर बघू' असा नको, तारीख घाला—मी घालते.

बरं, तुम्ही म्हणाल, नाव वेगळं, फोन वेगळा, मग मशीनला कसं कळणार? जुन्याला नाही कळत. तुमचं नवं आहे हुशार. सकाळी तुम्हीच दाखवलंत, आता चावीचा नंबरसुद्धा ताडून बघतं. कुलूप एक, चावीचा नंबर एक. बटण दाबलंत की ती दोन माणसं परत एक होतील आणि रंध्याच्या फोनवर मेसेज जाईल, कुलपाला तेल घालायची वेळ झाली, अमुक पत्ता.

आत? तो कुठला आत. चौदा महिन्यांत सुटला. सुटून सरळ इथं आला, ह्याच टेबलापाशी. वहिनी, फक्त पत्ता. मी म्हटलं मला माहीत नाही, आणि खरंच नव्हता, मी तो मुद्दाम पाठ केला नाही, नंबरही नाही. पाठ असलेलं मार खाऊन तोंडातून निघतं, भाऊ, नसलेलं कुठून निघणार? त्यानं माझा हात ह्या खणात धरला आणि खण बंद केला. उघडला, परत विचारलं, परत बंद केला. तीनदा. ही दोन बोटं बघा, सरळ होत नाहीत. मी पायानं कॉम्प्युटरची वायर उपटली तेवढी. मग हे आतून कानस घेऊन आले, आणि ह्यांच्या हातात धारेचं काहीतरी बघून तो लंगडत पळाला. मालकांनी त्याचं नाव काढलं यादीतून. पण धंदा धाकट्या भावाच्या नावावर चालूय, आणि तुम्ही ज्या एकतीस ठेकेदारांना आज लॉगिन देणार आहात ना, मोबाइलवर सगळे ग्राहक दिसावेत म्हणून—त्यात सतरावा बघा. तोच. मी मालकांना सांगितलं. ते म्हणाले, भावानं काय केलंय, काम तर तोच आणतो.

पत्ता लपवता येतो? कुणाला दिसावा, कुणाला नाही, ते ठरवता येतं? माहितेय. आणि पुढच्या महिन्यात तुमचंच नवीन काहीतरी येईल आणि सगळं परत उघडं पडेल, मागच्या वेळी पडलं होतं तसं. आणि ते बटण आज तुम्ही नाही दाबलंत तर उद्या दुसरा कुणी येऊन दाबेल. मालकांना हवंच आहे. माझ्यासारखी हात चालणारी कुणीतरी बसेल इथं.

मग काय करायचं म्हणता? पुसून टाकायची नोंद. एवढं सोपं. हो, मला आधीही सुचलं होतं—पाच वर्षं सुचतंय. कुलपाला तेल ती घालू शकते की, तिला हात आहेत. नोंद तिच्यासाठी नव्हतीच ठेवलेली. माझ्यासाठी होती. मला ऐकायचं असतं, छान चालतंय.

थांबा. एक फोन करते. नाही, बसा तुम्ही, तुमच्यापासून आता काय लपलंय.

...ताई, कुलपाच्या दुकानातून बोलते. कसं चालतंय?... बरं. बरं झालं. ऐका, तेल आता तुमचं तुम्हीच घालत चला, शिलाई मशीनचं चालेल, दोन थेंब. आमच्याकडून फोन येणार नाही यापुढे... नाही, काही झालं नाही, नोंदच काढून टाकतेय. आणि नीट ऐका, आमच्या नावानं कधी कुणाचा फोन आला, मेसेज आला, दारात कुणी उभं राहिलं, तर ते आम्ही नाही. माझं नाव सांगितलं तरी नाही... हो, मिस्त्री बरे आहेत... आणि ताई, पाच वर्षांपूर्वीचा तो मेसेज आपोआप गेला नव्हता. मी पाठवला. माझ्या हातानं झालं ते...

...

...हो. जेवते. तुम्हीही जेवा.

द्या इकडे तो माऊस. कायमची पुसली जाईल, नक्की का, विचारतंय—नक्की. गेली. फोनमधलाही गेला, हा बघा. हा शनिवारच्या बॅकअपचा पेन ड्राइव्ह, दुसरी प्रत नाही कुठं. लोखंडी ठोकळा तुमच्या पायापाशी आहे, सरकवा जरा. पाय मागे घ्या. बोटं वाकडी असली तरी हातोडा नीट धरता येतो मला.

...झालं. दचकलात काय?

काय म्हणाली? तिनं काय म्हटलं ते माझ्यापाशी राहील, ते कुठल्या खान्यात लिहायचं नाही. आता दाबा तुमचं बटण, करा सगळे एक. आणि झालं की बॅग उचला, बाकीचं उद्या शिकवा. आत ह्यांच्याशी मला थोडं बोलायचंय, तुमच्यादेखत नाही. निघा.