तीन डोसांत आई

शपथेवर सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. दोन गोष्टी सोडून. त्या शेवटी सांगतो, आधी चहा घ्या.

माझी बायको ऐरोलीच्या एका दवाखान्यात पोरांना लस टोचते. तिनंच मला कधीतरी समजावलेलं, की लस म्हणजे रोगाचाच चिमूटभर अंश. तो आधी पचवला की पुढचा मोठा दणका झेपतो. मला साताऱ्याकडच्या गावातून आईला कायमचं सानपाड्याला आणायचं होतं. आमचं वन आरकेचं घर, ओटा एकच, आणि त्या ओट्यावर दोघींचं कधी जमलेलं नाही. म्हटलं, हिचीच युक्ती हिच्यावर चालवू.

सोमवारी म्हणालो, "आईला चक्कर येते म्हणे."

"हं."

मंगळवारी म्हणालो, "एकटीला करमत नाही तिला."

"हं."

बुधवारी म्हणालो, "चार दिवस आणूया का तिला?"

बायको भाजी चिरत होती. म्हणाली, "अहो, खिडकीत कबुतर बघा केवढं बसलंय."

मी वळलो.

"आई रविवारी येतायत, कायमच्या," ती मागून म्हणाली. "मीच बोलले त्यांच्याशी. कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केलाय. झालं. दुखलं का?"

दवाखान्यात पोरांनाही ती असंच कबुतर दाखवून टोचते.

आता त्या दोन गोष्टी. आईला चक्कर कधीच येत नव्हती, ती मी रचली. आणि खिडकीत कबुतर नव्हतं, ते तिनं.