तिखोनला काही झालं नव्हतं

नाही, नाही, लेव आर्कादियेविच, तुम्ही तरी असं बोलू नका — बसा, त्या खोक्यावर बसा, खुर्च्या थंडीत जाळल्या आम्ही. चहा नाहीये, नुसतं गरम पाणी आहे, घ्या. तर म्हणणं काय तुमचं — परवा ज्याला पुरलं, त्याच्या बायकोनं चौकशी समितीपुढे जाऊन सांगायचं, माझा नवरा आजारी होता म्हणून विमान पडलं? खोट विमानात नव्हती, वैमानिकात होती?

अहो, ते दोन इंजिनांचं बाँबफेकी विमान तुम्ही कागदावर काढलंत, पण त्याला उडायला शिकवलं ते माझ्या तिखोननं! मॉस्कोहून कारखाना उचलून इथे ओम्स्कला आणला, डोक्यावर छप्पर नव्हतं, तेव्हा तुमच्या शेजारी बर्फात उभा राहून पंख जोडत होता तो. खाली सूर मारला की शेपटी थरथरते, डावं इंजिन तापतं — सांगितलं होतं की नाही त्यानं? मला घरी येऊन सांगायचा, मग तुम्हाला सांगितलं नसेल? आणि तुम्ही काय म्हणालात — ‘तिखोन, अजून एकदा.’ हो, कळतं मला, आघाडीवर पोरं मरतायत, रणगाडे अडवायला हेच विमान हवंय, आणि विमानावर ठपका आला तर काम बंद, घातपाती म्हणून तुम्हालाही उचलून नेतील — रडू नका हो, मी अजून रडले नाहीये.

पण खोटं का बोलू? विमान चालवण्यात त्याच्यासारखा हात अख्ख्या तळावर कुणाचा नव्हता. आजारी म्हणे! काय झालं होतं त्याला? काही नाही. त्या सकाळी स्वतःच्या पायांनी उड्डाणाला गेला — दाराला धरून जरा थांबला, एवढंच, मी म्हटलं काय रे, तर म्हणे काही नाही, अंधारी आली — येणारच ना, दोन दिवस पोटात कण नव्हता! वैमानिकांना वेगळं जेवण, तिथेच बसून खायचं, आणि हा पाव, मांसाचा तुकडा, सगळं कोटात लपवून आणायचा — आमची अगाशा तापानं फणफणलेली, तिला भरवायचा, मला सांगायचा मी जेवलो, आणि मला दिसत होतं ना, गालफडं बसलेली, पण पोरगी खात होती हो, म्हणून मी गप्प —

काय बोलले मी आत्ता?

नाही. तसं नाही, लेव आर्कादियेविच. शेपटी थरथरत होती. तुम्हाला माहीत आहे, थरथरत होती... समितीत कुणाला सांगणार नाही ना? बोला की! — नको. काही बोलू नका. टोपी घ्या तुमची. निघा. निघा म्हणते ना.