गार्डाच्या घरचा वाटा

माझं माहेर टोकावड्याच्या अंगाला, आणि दिलं मला इकडं शेणव्याच्या वर, रानाला लागून गाव, उंबरे मोजून वीस-पंचवीस. लगीन झालं तवा इंग्रजाचं राज्य होतं, वय कोण मोजतंय, पण भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडायची ताकद होती एवढं धरा. सासरी खाली थोडं भात, वर माळाला वरी आणि नागली. गावाच्या कडेला फारेष्टाचा गार्ड राहायचा, बायकोला घेऊन. मेल्याचं नाव मी घेत नाय, जीभ विटाळते.

आता कायदा कसा होता तो ऐका. रान सरकारचं, राखीव. त्यात भेकर मारायचं नाय, सांबर मारायचं नाय, परवाना पायजे, नायतर दंड, नायतर तुरुंग. आणि आमची वरी भेकरांनी फस्त केली तर? तर हाकलायची, बोल्ला गार्ड. हाकला, रोज हाकला, आणि मग खा काय, धोंडे? साहेबाला मात्र परवाना. थंडीत यायचा मुरबाडकडनं, आमच्या बाप्यांना हाक्याला धरून न्यायचे, डबे वाजवा, रान उठवा. परवान्यावर एक नर सांबर, गार्डानंच वाचून दाखवलेलं. साहेबानं पाडली मादी, ती पण गाभण. आमचे मालक बोल्ले, गार्डसाहेब, ही तर मादी. गार्ड बोल्ला, तू तुझा डबा वाजव. अस्सं!

त्या साली वरी निसवली, कणसं बाहेर आली आणि भेकर घुसलं. मालक आणि भावकीतले तिघं कुत्री घेऊन मागं लागले. काठी बसली शेतात, पण ते तडफडत जाऊन पडलं सरकारी रानाच्या हद्दीच्या दगडापलीकडं, दोन पावलं, सांगते ना, दोन पावलं. तिथंच सोडायला पायजे होतं. पण घरात पंधरा दिवस नुसत्या रानभाजीवर काढलेले, कोण सोडणार?

आमच्याकडं रीत अशी, शिकार एकट्यानं खायची नाय. ज्याची पयली काठी त्याला मुंडकं, कुत्र्यांचा वाटा बाजूला, आणि मग उंबऱ्यागणिक एक वाटा, सागाच्या पानात बांधून. एकट्या बाईचं घर असो, भांडणातलं घर असो, एक उंबरा चुकला तर वाघोबा रागावतो असं मानायचे. वाटे मीच पोचवत होते. शेवटी राहिला गार्डाचा. मी मालकाला विचारलं, अवं, याला पण? ते बोल्ले, गावात चूल पेटते ना त्याची? मग दे. दिला. या हातानं दिला, तोडून टाकावेत असे हात! गार्डाची बायको हसून बोल्ली, बस गो, चहा घे.

खाल्लं त्यांनी. काय सांगू तुमाला, रस्सा करून खाल्लं, वास आमच्या घरापर्यंत आला. आणि वाट्यात खुरासकट नळी आलेली, तेवढी पानात तशीच ठेवून गार्डानं सकाळी तालुक्याला नेली, पुरावा म्हणून!

मामलेदारानं विचारलं, कोण कोण होतं? मालक बोल्ले, मी एकटाच. बाकी तिघांची पोरं लहान, आमाला अजून पोर नव्हतं, म्हणून. मी दारातनं ओरडले, सायेब, गार्डानं पण खाल्लंय, त्याला विचारा चव कशी होती! शिपायानं ढकलून बाहेर काढलं मला. तीन महिने दिले. खर्डीवरनं ठाण्याला नेलं, हातात बेडी, आणि आमच्या माणसाचा आगगाडीत बसायचा तो पयला दिवस.

कापणीला आलेलं भात मी एकटीनं कापलं. ज्या तिघांना वाचवलं ते बांधावर पण आले नाय, गार्ड बघंल म्हणून. ते मेले, तरी मी शिव्या घालते.

मालक सुटून आले निम्मे होऊन. तवर गार्डाची बदली झालेली, नवा आलेला. पुढच्या साली परत भेकर पडलं, या खेपेला शेतातच. वाटे झाले. मालक बोल्ले, जा गो, गार्डाच्या घरी देऊन ये. मी बोल्ले, डोकं फिरलंय का तुमचं? तीन महिने कमी पडले? ते बोल्ले, हा माणूस दुसरा हाय, यानं आपलं काय केलंय? मी नाय गेले. पान उचलून कुत्र्यांपुढं टाकलं, त्यांच्या डोळ्यांदेखत. मालकांनी त्या दिवशी मिठाशी भात खाल्ला, आपला वाटा शिवला पण नाय, आणि मरेपर्यंत पुन्हा कुणाच्या घरचा घेतला नाय. गावात पण मग तसंच झालं, वाटे बंद, दार लावून शिजवायचं, दार लावून खायचं.

आता नातू सांगतो, आजे, कायदा आणखी कडक झालाय. होऊ दे. मुकं जनावर जगू दे, माझं त्याच्याशी काय वाकडं नाय. तुमची पोरंबाळं पण सुखी राहू दे. पण मालक जायला लागले तवा तोंडात पाणी घालताना वाटलं, आता तरी बोलावं, त्या पानाचं मी चुकले म्हणून. मी नाय बोल्ले. बोल्ले असते तर ते म्हणाले असते, जाऊ दे गो. तेच मला ऐकायचं नव्हतं.